नानांची गाडी का बोंबलते?

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं, पण वीकेंड कधी रिलीजमध्ये जातो, कधी झोपेत. आज रविवार, बाहेर पाऊस, हातात चहा. म्हटलं लिहूनच टाकू. थोडं लांबेल. आधीच सांगतो, कोणती गाडी घ्यावी याचा सल्ला इथे मिळणार नाही. एका जुन्या गाडीच्या आवाजाचा हा इतिहास आहे, आणि त्या आवाजापायी मी केलेल्या एका मूर्खपणाचाही.

माझे वडील, म्हणजे नाना, धुळ्याला राहतात. १९६० च्या दशकात, लहान असताना त्यांना पोलिओ झाला. डावा पाय आहे, पण त्यात जोर नाही. कॅलिपर लावून चालतात. तरुणपणी साइडव्हील लावलेली स्कूटर चालवायचे. चारचाकीचा प्रश्न मात्र क्लचपाशी अडायचा. मामांकडे फिएट होती, शेजारी ॲम्बॅसेडर होती, पण नाना कायम शेजारच्या सीटवर. क्लच दाबायचा तो डाव्या पायाने, आणि तिथेच सगळं संपायचं. हाताने चालवायचा क्लच बसवून घेता येतो हे त्यांना माहीत होतं. पण धुळ्यात तसं काम करून देणारा कोणी सापडेना. आणि आरटीओच्या कागदावर अशा गाडीला तेव्हा ‘इनव्हॅलिड कॅरेज’ म्हणायचे. (हा शब्द २०१९ च्या दुरुस्तीत बदलला आणि ‘अडॅप्टेड व्हेइकल’ आला.) तो शब्द नानांना अजिबात आवडायचा नाही.

२००५ साली त्यांनी नाशिकहून एक सेकंडहँड छोटी गाडी आणली. १९९९ चं रजिस्ट्रेशन, पेट्रोल, एक लिटरच्या आसपासचं चार सिलिंडरचं इंजिन आणि तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ही तक्रार त्या गाडीची नाहीच. मी तेव्हा तिसरीत होतो. नाना पहिल्यांदा ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि आम्हाला पारोळ्यापर्यंत नेऊन आणलं, ते मला लख्ख आठवतं. आई मागे बसून सारखी ‘हळू, हळू’ म्हणत होती आणि नाना चाळीसच्या वर गेलेच नव्हते :)

तेव्हापासून दर महिन्याला एकदा धुळे ते जळगाव ही त्यांची वारी ठरलेली. जळगावला आत्या राहते, नानांची मोठी बहीण. फागणे, पारोळा, एरंडोल, पाळधी, मग बांभोरीला गिरणेचा पूल आणि आलं जळगाव. साधारण ९० किलोमीटर.

आता मूर्खपणाकडे येतो.

गेल्या वर्षी डिसेंबरात मी पुण्याहून सुट्टीला गेलो. नाना म्हणाले, ‘चल, आज तू चालव.’ रस्ता आता चौपदरी झालाय. मी सवयीने गाडी नव्वदला नेली आणि इंजिन असं काही ओरडायला लागलं की मला घामच फुटला. माझ्या पुण्याच्या गाडीला सहा गिअर आहेत. शंभरला काटा जेमतेम २००० आरपीएमवर असतो आणि आतमध्ये गाणी ऐकू येतात. इथे वाटलं गाडी दुसऱ्याच गिअरमध्ये अडकलीय. मागे बसलेला आत्याचा नातू म्हणाला, ‘गाडी बोंबलस भो!’ (अहिराणी न येणाऱ्यांसाठी: गाडी बोंबलतेय भाऊ.) मी एका गॅरेजवाल्याला दाखवली. त्याने एक चक्कर मारली आणि सांगितलं, ‘दादा, गिअरबॉक्स गेलाय. टॉपचा गिअर पडतच नाही. उघडावा लागेल, पाऊण लाख धरून चाला.’

मी इंजिनिअर माणूस. पंचवीस वर्षं जुन्या गाडीवर पाऊण लाख? लगेच मनात हिशोब मांडला. मी नानांना म्हणालो, ‘आता ही हायवेला काढू नका. मध्येच बंद पडली तर काय कराल? विकून टाकू, जे येतील ते.’ नाना काही बोलले नाहीत. किल्ली देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवली.

पुढचे चार महिने ते आत्याकडे गेलेच नाहीत. मला वाटलं, थंडी असेल, काम असेल. एप्रिलमध्ये आई फोनवर सहज बोलून गेली, ‘अरे, एसटीची पायरी चढवत नाही त्यांना. एकदा गेले होते स्टँडवर, परत आले.’ हे ऐकून मी दिवसभर मीटिंगमध्ये बसून होतो, पण एक अक्षर डोक्यात शिरलं नाही. ज्या गाडीने माझ्या वडिलांना वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी पाय दिले, ती मी केवळ आवाजावरून बंद करून टाकली होती. एकही आकडा न मोजता! ऑफिसमध्ये कोणी लॉग न बघता ‘सर्व्हर गेलाय’ म्हणालं तर मी त्याला सोडत नाही.

मे महिन्यात घरी गेलो तेव्हा नानांचे एक मित्र आले होते. रेल्वेत डिझेल फिटर होते, रिटायर होऊन धुळ्यात स्थायिक झालेत. मी त्यांना फिटरकाका म्हणतो. त्यांनी अंगणात गाडी सुरू करायला लावली, ब्रेकवर पाय ठेवून डी मध्ये टाकायला लावली आणि म्हणाले, ‘टॉप पडतो की नाही ते कानाने ठरवायचं नसतं रे. फेरे मोज.’

गाडीत टॅकोमीटर नाही. पण फेरे मोजायला तो लागतोच असं नाही. चार सिलिंडरच्या फोर स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात. म्हणजे आवाजात ठळक असणाऱ्या ठोक्यांची फ्रीक्वेन्सी शोधली, तिला तीसने गुणलं, की आरपीएम मिळाला. फोनवर आवाज रेकॉर्ड करायचा, लॅपटॉपवर स्पेक्ट्रम काढायचा. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, ऊन तापायच्या आत, आम्ही दोघं निघालो. नाना चालवत होते. चार महिन्यांनंतर! मी शेजारी फोन धरून, जीपीएसवरचा वेग बोलत होतो. ६० ला एक मिनिट, ७० ला एक मिनिट, ८० ला एक मिनिट.

आकडे असे आले. ६० ला ९० हर्ट्झ, म्हणजे २७०० आरपीएम. ७० ला १०५ हर्ट्झ, म्हणजे ३१५०. ८० ला १२० हर्ट्झ, म्हणजे ३६००. दर किलोमीटरला दीड हर्ट्झ, जवळजवळ सरळ रेष. मग चाकाचा घेर दोरीने मोजला, १ मीटर ६८ सेंटीमीटर भरला. ताशी ८० म्हणजे मिनिटाला १३३३ मीटर, म्हणजे चाकाचे ७९४ फेरे. गाडीच्या जुन्या मॅन्युअलमध्ये तिसरा गिअर सरळ एकास एक आणि शेवटचं रिडक्शन ४.३ दिलंय. ७९४ गुणिले ४.३ म्हणजे साधारण ३४१५. मोजलेले ३६००. फरक पाच टक्क्यांचा, आणि तो कुठे जातो ते पुढे सांगतो.

थोडक्यात, गिअर तिसऱ्यातच होता. दुसऱ्यात असता तर आरपीएम पाच हजारांच्या वर गेला असता. गाडी बरोबर तेच करत होती, जे १९९९ मध्ये कारखान्यातून बाहेर पडताना करत होती. मग बनवणाऱ्यांनी ती इतकी ओरडणारी का बनवली?

या प्रश्नाचं उत्तर रस्त्यात आहे, म्हणून आधी रस्त्याबद्दल. धुळं हे चौकाचं गाव. मुंबई-आग्रा रस्ता इथून जातो आणि सुरतेकडून येऊन जळगाव, भुसावळ, अकोला, नागपूरमार्गे कोलकात्याकडे जाणारा रस्ताही. आमच्या पिढीच्या तोंडात अजून एनएच ३ आणि एनएच ६ हेच आकडे आहेत. २०१० नंतर नंबर बदलले. आता जळगावकडे जातो तो ५३, इंदूरकडे ५२, नाशिककडे ६०. पण नंबरापेक्षा रुंदी महत्त्वाची. नाशिककडचा रस्ता आधी चौपदरी झाला, जळगावकडचा बरीच वर्षं रखडून, अगदी अलीकडे. त्याआधी हा दोन पदरी रस्ता होता, एक जाणारा, एक येणारा, आणि मध्ये केळीचे ट्रक, कापसाच्या गाड्या, काळीपिवळ्या, उसाचे ट्रॅक्टर. एका ट्रकमागे अडकलात की त्याच्या पन्नासने चालायचं, समोर मोकळं दिसलं की जोर लावून पुढे जायचं आणि पुन्हा पुढच्या ट्रकमागे. सलग तासभर ८० ने जाणं हा प्रकारच नव्हता.

त्या रस्त्यावरच्या गाड्या बघा. ॲम्बॅसेडर म्हणजे मूळची ब्रिटनची मॉरिस ऑक्सफर्ड, १९५० च्या दशकातलं डिझाइन. हिंदुस्थान मोटर्सने ती १९५७-५८ पासून २०१४ पर्यंत बनवली. मामांची फिएट म्हणजे वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईत कुर्ल्याला बनवलेली, जी पुढे पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सीसी. दोन्ही गाड्यांना गिअर चार, आणि चौथा सरळ एकास एक. इंजिनाचा एक फेरा म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या दांड्याचाही एक फेरा. त्याच्या पुढे फक्त मागच्या ॲक्सलमधलं रिडक्शन, आणि ते असं ठेवलेलं की गाडी पाच माणसं, टपावर ट्रंक आणि डिकीत धान्याचं पोतं घेऊन घाट चढावी. मामा सांगायचे, ‘चौथ्यावर टाकली की पंचावन्न-साठ, तिथे ती खूश असते.’ साठच्या पुढे त्या गाड्याही बोंबलायच्याच. पण त्याला कोणी बिघाड म्हणायचं नाही, कारण साठच्या पुढे कोणी फारसं जातच नव्हतं.

पाचवा गिअर, म्हणजे ज्यात इंजिनापेक्षा बाहेरचा दांडा जास्त फिरतो असा ओव्हरड्राइव्ह, आपल्याकडे सर्वसामान्य गाडीत उशिरा आला. १९९० ची मारुती १००० पाच गिअरची होती. ॲम्बॅसेडरला १९९० च्या दशकात इसुझूचं इंजिन आणि पाच गिअर मिळाले. म्हणजे ‘हायवेला इंजिनाला आराम द्यायचा’ ही कल्पनाच आपल्या मधल्या वर्गाच्या गाडीत १९९० नंतरची. त्याआधी गिअर हे ओढण्यासाठी असायचे.

आता ऑटोमॅटिकचा इतिहास. तो सुरू होतो गाडीत नाही, जहाजात! १९०५ साली जर्मनीत हर्मान फ्योटिंगर नावाचा इंजिनिअर श्टेटिनच्या व्हल्कन जहाज कारखान्यात काम करत होता. त्याची अडचण अशी की स्टीम टर्बाइन खूप वेगाने फिरतो आणि जहाजाच्या पंख्याला मात्र हळू फिरायचं असतं. मध्ये दातेरी चाकं घालण्याऐवजी त्याने मध्ये द्रव घातला. ताकाच्या डेऱ्याचं उदाहरण घ्या. रवी जोरात फिरवली की ताकही गोल फिरायला लागतं. त्या फिरत्या ताकात दुसरी रवी सैल सोडली तर तीही फिरेल. दोघींचा एकमेकींना स्पर्श नाही, पण जोर पोचतो. आणि दुसरी रवी पहिलीच्या थोडी मागेच राहील. ते मागे राहणं म्हणजे स्लिप. नानांच्या गाडीतले पाच टक्के तिथेच जातात.

या कल्पनेला दोन फांद्या फुटल्या. एक साधी, फ्लुइड कपलिंग. दुसरी टॉर्क कन्व्हर्टर, ज्यात मध्ये आणखी एक पाती असलेलं चाक असतं, ते द्रवाची दिशा वळवतं आणि सुरुवातीला पीळ वाढवून देतं, अगदी दुपटीच्या आसपास. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये १९४० च्या ओल्ड्समोबिलसाठी हायड्रामॅटिक आणला. त्यात कपलिंग होतं आणि चार गिअर. १९४८ च्या ब्यूइक डायनाफ्लोमध्ये टॉर्क कन्व्हर्टर आला. १९५० चा शेव्हर्ले पॉवरग्लाइड तर दोनच गिअरचा. १९५६ मध्ये क्रायस्लरचा टॉर्कफ्लाइट, तीन गिअर आणि टॉर्क कन्व्हर्टर. हीच तीनची जोडणी पुढे वीस-पंचवीस वर्षं जगभर प्रमाण मानली गेली.

दोन किंवा तीन गिअरवर काम कसं भागायचं? कारण अमेरिकन गाडीचं इंजिन चार-पाच लिटरचं, आठ सिलिंडरचं. हळू फिरतानाच त्यात इतका जोर की टॉप गिअरचं रिडक्शन लहान ठेवता यायचं. शंभरलाही इंजिन निवांत. वर गिअरांमधली मोठी दरी कन्व्हर्टर भरून काढायचा. थोडं तेल तापायचं, थोडं पेट्रोल जास्त जायचं, पण पेट्रोल स्वस्त होतं.

मग १९७३ चं तेल संकट आलं. जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेत हायवेची कमाल मर्यादा ताशी ५५ मैल करण्याचा कायदा झाला. आणि गिअरबॉक्सवाल्यांना दोन जुन्या गोष्टी पुन्हा आठवल्या. पहिली, लॉकअप. वेग आला की कन्व्हर्टरच्या आत एक क्लच बसतो, दोन्ही बाजू घट्ट जोडतो आणि स्लिप शून्य. ही कल्पना पॅकार्डने १९४९ मध्येच वापरली होती. क्रायस्लरने ती १९७८ च्या मॉडेलांत परत आणली. दुसरी, ओव्हरड्राइव्हचा चौथा गिअर. टोयोटाने १९७७ मध्ये आणि फोर्डने १९८० मध्ये असे चार गिअरचे ऑटोमॅटिक आणले. आज तुमच्या गाडीत सहा, आठ गिअर आहेत आणि शंभरला इंजिन कुजबुजतं, त्याची सुरुवात या दोन गोष्टींत आहे.

पण सगळ्यांना ते मिळालं नाही. छोट्या, स्वस्त गाड्यांच्या ऑटोमॅटिकमध्ये जागा कमी, किंमत कमी, त्यामुळे तीनच गिअर आणि बऱ्याचदा लॉकअप नाही, हे १९९० च्या दशकातही चालूच राहिलं. आणि इथे खरी गोम आहे. तीन गिअरची योजना मोठ्या इंजिनासाठी जमली होती. एक लिटरच्या इंजिनाला जोर हवा असेल तर फिरावंच लागतं. टॉप गिअर सैल ठेवला तर वाऱ्याविरुद्ध किंवा थोड्याशा चढावर गाडी दम टाकेल आणि सारखी दुसऱ्यात उतरेल. म्हणून टॉपचं रिडक्शनच जास्त ठेवायचं. म्हणजे ८० ला ३६००. शिवाय ही छोटी ऑटोमॅटिक मुळात शहरासाठी धरलेली. सिग्नल, गर्दी, पुन्हा सिग्नल. एरंडोल-पाळधीचा सरळ चौपदरी तुकडा तिच्या डिझाइनरच्या डोळ्यांसमोर नव्हता.

ती घाटात दुसऱ्यात उतरते तेव्हाचा आवाज तर विचारूच नका. चाळीसगावच्या पुढे कन्नडचा घाट, म्हणजे औट्रम घाट, चढताना नाना ॲक्सिलरेटर जरा खोल दाबतात आणि गाडी धाडकन गिअर खाली घेऊन किंचाळते. याला किकडाउन म्हणतात. पाय खोल गेला म्हणजे ड्रायव्हरला जोर हवाय, असं समजून गिअरबॉक्स खालचा गिअर देतो. लहानपणी मला वाटायचं गाडी चिडलीय. ती फक्त सांगितलेलं करत होती.

फिटरकाकांना एवढं सगळं कळलं कसं, तर त्यांच्या कामामुळे. जहाजासाठी निघालेली ही कल्पना रेल्वेतही आली, आणि तिथे एक नाव आपलं आहे. भारतीय रेल्वेचे इंजिनिअर मनमोहन सुरी यांनी डिझेल इंजिनांसाठी जे ट्रान्समिशन तयार केलं, त्याला सुरी ट्रान्समिशनच म्हणतात. त्यांना १९६२ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. चित्तरंजनच्या कारखान्यात बनलेल्या डब्ल्यूडीएस-४ या शंटिंगच्या इंजिनांत ते वापरलं गेलं. मूळ विचार तोच: सुरुवातीला जड डबे ओढायला तेलातून पीळ वाढवायचा, आणि वेग आला की तेलातला तोटा टाळायचा. काका म्हणाले, ‘आम्ही यार्डात हेच ऐकत आयुष्य काढलं. इंजिन जोरात फिरतंय आणि गाडी हळू चाललीय म्हणजे बिघाड नाही, ते कन्व्हर्टरचं कामच आहे. बिघाड वेगळा असतो.’

तो वेगळा बिघाड कसा ओळखायचा, ते लिहून ठेवतो, कारण कोणाच्या तरी घरी अशी गाडी असेलच. टॉपमध्ये एकसारख्या वेगाने जाताना आरपीएम वेगाच्या प्रमाणात राहिला पाहिजे. आमची दीड हर्ट्झची सरळ रेष तेच सांगते. पाय किंचित दाबला आणि फेरे तीन-चारशेने चढले, पण गाडी पुढे जाईना, तर आतले क्लच घसरतायत. तेल काळं पडलंय, जळका वास येतोय, तर जास्त जपा. गिअर पडायला डी मध्ये टाकल्यावर दोन-तीन सेकंद लागतायत, तर दाखवा. नुसता आवाज मोठा आहे, एवढ्यावरून गिअरबॉक्स उघडू नका.

आणि आमच्याकडे ऊन हा वेगळा मुद्दा आहे. जळगाव-भुसावळचा मे ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको, पारा ४५ च्या आसपास. लॉकअप नसलेल्या कन्व्हर्टरमधला तो पाच टक्के तोटा उष्णता होऊन तेलात जातो. ८० ला अशा छोट्या गाडीला साधारण दहा किलोवॅट लागत असतील तर अर्धा किलोवॅट सतत तेल तापवतोय. कूलर ते बाहेर टाकतो, पण बाहेरच ४५ असेल तर त्याने तरी काय करावं? म्हणून जुन्या ऑटोमॅटिकने उन्हाळ्यात भर दुपारी नव्वदने धावणं हे गाडीवर अन्याय करणं आहे. नाना पहाटे निघतात ते उगाच नाही. त्यांना थिअरी माहीत नव्हती, सवय बरोबर होती.

मग गाडीत काहीच झालं नव्हतं का? झालं होतं, पण किरकोळ. दुसऱ्या एका मिस्तरीकडे दाखवली. इंजिन ज्या रबरांवर बसतं त्यातलं एक फाटलं होतं, त्यामुळे इंजिनाची थरथर थेट पत्र्यात येत होती. दरवाजांची रबरं कडक झाली होती. ऑटोमॅटिकचं तेल बदलायला आलं होतं. सगळं मिळून सहा हजार आठशे रुपये. मोजलं तर ८० ला अजूनही तेच १२० हर्ट्झ. फक्त आता कानाला कमी लागतं.

उरलेला फरक गाडीत नव्हताच. २००५ मध्ये मी याच गाडीत मागच्या सीटवर झोपून जळगावला जायचो, तेव्हा हा आवाज मला आवाज वाटायचाच नाही. मधल्या काळात रस्ता चौपदरी झाला, २०१८ पासून अशा दुभाजकाच्या रस्त्यावर कारला कायद्यानेच शंभरची मर्यादा मिळाली, सगळ्यांच्या गाड्यांत पाच-सहा गिअर आले. गाडी तिथेच राहिली, तिच्या काळाच्या दोन पदरी रस्त्याच्या हिशोबात. आणि मी नव्या रस्त्याचा वेग तिच्यावर लादून तिला नापास केलं.

गाडी विकणं रद्द. २०१४, २०१९ आणि २०२४ अशी तीनदा रजिस्ट्रेशन वाढवून झालंय, अजून काही वर्षं हातात आहेत. मी नानांना नवीन ऑटोमॅटिक घेऊ म्हटलं. आता तर स्वस्त गाड्यांतही मिळतो, २०१४ मध्ये सेलेरिओने एएमटी आणल्यापासून बरेच पर्याय आहेत. नाना म्हणाले, ‘बघू.’ आमच्या घरात याचा अर्थ नाही असा होतो.

गेल्या रविवारी ते आणि आई जळगावला जाऊन आले. मी इथून फोन केला तेव्हा पाळधीच्या पुढे चहाला थांबले होते. विचारलं, ‘किती ठेवला स्पीड?’

‘पासष्ट,’ नाना म्हणाले. ‘डाव्या लेनने. मागून सगळे हॉर्न मारत जातात.’

‘मग?’

‘मग काय, जाऊ दे त्यांना. आपल्याला आत्याकडे जेवायलाच पोचायचंय ना?’

मी मनात हिशोब केला. पासष्ट गुणिले दीड, साडेसत्त्याण्णव हर्ट्झ, साधारण २९२५ आरपीएम. अगदी आरामात.

असो. चहा गार झाला, पाऊसही थांबलाय. तुमच्या घरी अशी एखादी बोंबलणारी गाडी असेल तर आधी फेरे मोजा, आणि गाडी कोण चालवतं आणि का, तेही एकदा विचारा. मग काय ते ठरवा.